मदत हवी आहे: स्पिनोलाला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. आम्ब्रोजिओ स्पिनोला या स्पेनच्या सेनापतीवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय आणि एका शब्दावर आठ दिवस अडलोय.

जन्म १५६९, इटलीतल्या जिनोव्हातलं सावकारी घराणं. युद्धाचा अनुभव शून्य. तरी १६०२ मध्ये स्वतःच्या खर्चानं सुमारे नऊ हजार माणसं उभी करून हा स्पेनच्या राजासाठी फ्लँडर्सला (आजच्या बेल्जियमकडचा प्रदेश) लढायला गेला. तीन वर्षं चिघळलेला ओस्टेंडचा वेढा त्यानं १६०४ मध्ये संपवला. पुढे सावकार राजाला कर्ज देईनात, तेव्हा यानं आपली सगळी मालमत्ता तारण ठेवली. म्हणजे सेनापती आणि जामीनदार एकच माणूस! ते पैसे त्याला कधीच पुरते परत मिळाले नाहीत. १६३० मध्ये इटलीतल्या कासालेचा वेढा चालू असताना तो गेला. मला हे फार लागतं.

याला ‘भाडोत्री सेनापती’ म्हणायला मन घेत नाही. ‘शिलेदार’ चालेल का? पण शिलेदार स्वतःचा घोडा आणतो, अख्खी फौज नाही. ‘सरंजामदार’ म्हणावं तर त्याला आधी जहागीर मिळते. बखरी, मोडी कागद वाचणाऱ्यांनी नेमका शब्द सुचवावा.

दुसरं, ब्रेडा या डच शहराला वेढताना (१६२४-२५) त्यानं खंदकांची दुहेरी कडी घातली होती, एक शहराच्या दिशेनं, दुसरी बाहेरून येणाऱ्या कुमकेविरुद्ध. यासाठी जुना मराठी शब्द आहे का?

ब्रेडाच्या शरणागतीवरच्या वेलास्केझच्या चित्रात शहराची किल्ली द्यायला वाकणाऱ्या युस्टिनुसच्या, म्हणजे हरलेल्या डच अधिकाऱ्याच्या, खांद्यावर स्पिनोलाचा हात आहे. लेखाची सुरुवात तिथूनच करतोय.