मदत हवी आहे: इस्तंबूलमध्ये एकच दिवस, तोही रविवार

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला घेऊन क्रूझने जातोय. जहाज काराक्योयच्या गलातापोर्ट बंदराला सकाळी ८ ला लागेल, संध्याकाळी ५ च्या आत परत चढायचंय. ट्राम टी१ ने सुलतानाहमेतला जायचं, एवढं ठरलंय.

आईला तिथली ५३७ साली बांधून झालेली हागिया सोफिया (मूळचं चर्च, आता मशीद) डोळे भरून बघायचीय. पण पर्यटकांना वरच्या सज्जात जावं लागतं आणि तिथला दगडी उतार खडबडीत आहे. तिचे गुडघे दुखतात, ती सत्तरीची आहे. कुणी वयस्कर माणसांना नेलंय का? की जवळच्या बॅसिलिका सिस्टर्नचे (जमिनीखालचा जुना पाण्याचा हौद) ३३६ खांबच दाखवू? तिथेही पायऱ्या आहेतच.

दुसरं खरेदीचं. ग्रँड बझार रविवारी बंद, म्हणून एमिनोन्यूचा मसाला बाजार. तिला लांब दांड्याचं, आतून कल्हई केलेलं तांब्याचं कॉफीचं भांडं हवंय. कल्हई चांगली कशी ओळखायची? आणि केशर? मागे एका ओळखीच्यांना तिथून करडईच्या पाकळ्या मिळाल्या, दुधात नुसता रंग, वास काहीच नाही. भाव किती पाडून मागायचा तेही सांगा.