मोदक फॉन्ट टी-शर्टावर भरून जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाची मुलांसाठीची 'पुस्तकजत्रा' दिवाळीच्या सुट्टीत आहे. शीर्षकासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' घेतलाय. गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, परवाना खुला आहे, त्यामुळे छपाईला अडचण नाही.

मला हा फॉन्ट मनापासून आवडतो. ठळक देवनागरी म्हणून बरेचदा साधंच अक्षर जाड करून देतात. इथे अक्षर मुळातच गुबगुबीत घडवलंय. काना, वेलांटी, गाठ सगळं एकाच उकडीच्या गोळ्यातून वळल्यासारखं. 'प' किंवा 'क'च्या पोटात मोकळी जागा अशी उरतच नाही, फक्त बारीक फट. अक्षर ओळखू येतं ते त्या फटीवरून.

अडचण तिथेच आहे. सहा फुटी फ्लेक्सच्या प्रूफमध्ये नाव झकास दिसतंय. पण टी-शर्टाच्या खिशावर तीन इंचात स्क्रीन प्रिंटिंग करायचंय. नमुन्यात शाई फटीत उतरली, 'स्त' आणि 'त्र'चा नुसता गोळा झाला. फ्लेक्सवाले म्हणतात लाल अक्षरांना गडद निळी आउटलाइन द्या, पण ती दिली की तिथल्याही फटी बुजायला लागतात. काय करावं? आणि वेळ, पत्ता वगैरे मजकुराला सोबत कोणता फॉन्ट शोभेल?

प्रतिसाद १
खिशासाठी मोदकचा हट्ट सोडा. तो एकाच वजनात, म्हणजे एकाच जाडीत येतो, लहान आकारासाठी हलका करता येत नाही. एक टाइपचाच 'बालू २' बघा. गोलाई तशीच खेळकर, पण रेग्युलर ते एक्स्ट्राबोल्ड अशी पाच वजनं आहेत. सेमीबोल्ड घेतलात तर अक्षरांची पोटं उघडी राहतील. पत्त्याला 'मुक्ता'. शीर्षक इतकं लठ्ठ असताना खालचा मजकूर शांतच हवा.

प्रतिसाद २
आउटलाइन टाकू नका असं मी म्हणणार नाही. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती 'बिहाइंड फिल' करा, म्हणजे अक्षराच्या रंगामागे ढकला. नेहमीची आउटलाइन अर्धी आत येते आणि अक्षराचा लाल भाग खाते. मागे ढकललीत की लाल आकार शाबूत राहतो आणि फटी निळ्या भरतात. लालात निळी रेघ लांबूनही दिसते. आउटलाइन लालच ठेवलीत तर मात्र सगळं बुजेल. फाइल देताना अक्षरं कर्व्हज करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार बनवून द्या, नाहीतर त्यांच्या मशीनवर फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार! 'बिहाइंड फिल' आत्ताच करून बघितलं, 'त्र' स्वच्छ वाचता येतोय. खिशासाठी बालू २ सेमीबोल्डमध्ये नवा नमुना काढायला सांगते. एकच विचारायचं राहिलं: फ्लेक्सवर जत्रेची तारीख मोठी हवी आहे, तर आकडे मोदकमध्येच ठेवू की मुक्ताच्या बोल्डमध्ये?