योगनिद्रेत डाव्या पायापर्यंत पोचायच्या आत झोप लागते

निवांत_दुपार
योगनिद्रा म्हणजे शवासनच ना? रेकॉर्डिंग लावलं की उजवी बाजू संपेपर्यंत घोरणं सुरू. 27 पासून उलटे आकडे मोजायचे ते नेमके कसे? आणि संकल्प काय ठेवायचा?

गंगाकाठ
शवासन ही त्यातली फक्त पडून राहायची पद्धत. योगनिद्रा म्हणजे तसं पडून, पण जागं राहून, सूचना ऐकत लक्ष फिरवत घेतलेली विश्रांती. आज सगळीकडे चालते ती योगनिद्रा मुख्यतः मुंगेरच्या बिहार स्कूल ऑफ योगाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी बसवलेली आहे. मूळ तांत्रिक न्यासात. संध्येतला करन्यास, अंगन्यास माहीत असेल तर लगेच कळेल: मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श. त्यांनी मंत्र आणि स्पर्श दोन्ही काढले. उरलं अवयवाचं नाव आणि त्यामागे फिरणारं लक्ष.

सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून. मग चार बोटं, तळहात, मळहात, मनगट, कोपर, खांदा, काख, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, टाच, तळपाय, पायाची बोटं. नंतर डावी बाजू, पाठ, शेवटी डोक्यापासून खाली शरीराची पुढची बाजू. चूक होते ती इथे: लोक प्रत्येक बोट सैल करत बसतात. तसं करायचंच नाही. नाव ऐकलं, लक्ष तिथे टेकलं, की पुढे. एका अवयवाला सेकंद-दीड सेकंद पुरे. आवाज रेंगाळला की मन भरकटतं किंवा डोळा लागतो. बरीच रेकॉर्डिंगं याच कारणाने फसलेली आहेत, त्यात मागे बासरी!

सतरंजी
झोपेचं निम्मं कारण पलंग. जमिनीवर सतरंजी घाला, जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या. तरीही डोळा लागत असेल तर एक हात कोपरात वाकवून उभा धरा. डुलकी आली की हात पडतो आणि जाग येते. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी. अंगावर पातळ चादर हवीच, कारण निश्चल पडलं की अंग गार पडतं. जाड रजई मात्र नको.

मोजणी अशी: नाभी वर आली, 27, नाभी खाली गेली, 27. पुढच्या श्वासाला 26. चुकलात तर पुन्हा 27. एकपर्यंत पोचायची शर्यत नाही.

गंगाकाठ
संकल्प एकच, छोटा, होकारार्थी. "मी चिडणार नाही" असा नको, "मी शांतपणे बोलतो" असा. सुरुवातीला आणि शेवटी तीन-तीनदा, शब्द तेच. दर आठवड्याला बदललात तर तो रुजणार कधी?

मधे जड-हलकं, थंड-गरम अशा उलटसुलट जाणिवांच्या जोड्या येतात, त्या एकामागून एक अनुभवायच्या. वेदना-सुखाची जोडी नवख्यांनी सोडून द्यावी. जुना मानसिक आघात असेल तर एकट्याने रेकॉर्डिंगवर करू नये, जाणकार समोर हवा.

निवांत_दुपार
झोप लागलीच, तर ती खेप वाया गेली का?

सतरंजी
आराम मिळाला, योगनिद्रा झाली नाही, इतकंच. रात्री झोपेसाठीच हवी असेल तर खुशाल पलंगावर करा. मात्र शेवटी "आता डोळे उघडा" म्हणणारं रेकॉर्डिंग लावू नका, नेमकं तेव्हा टक्क जाग येते.