सिनेमा कसा पाहिलात, ते सांगा

सिनेमा, तमाशा, ऑर्केस्ट्रा यांवर मी पुरवण्यांतून लिहीत आले आहे. गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' लागला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण तिकीट काढून आत बसलेल्यांचं काय? आपल्याकडे सिनेमाचा इतिहास म्हणजे काढणाऱ्यांचा इतिहास. पाहणाऱ्यांचा बाजूलाच राहिला, आणि माझ्या मते अर्धा सिनेमा तिथेच आहे.

सुरुवात मी करते. गणपतीत आमच्या गल्लीत रस्त्यावर आडवा पडदा बांधून सोळा एमएमवर सिनेमा दाखवायचे. पुढची जागा मोठ्यांनी आधीच सतरंज्या टाकून धरलेली असायची, म्हणून आम्ही पोरं पडद्यामागे. मागून पाट्या उलट्या दिसतात, आणि मुळात डावखुरा असलेला अमिताभ उजव्या हाताने ठोसे लगावतो. पुढे थिएटरात त्याला डाव्या हाताने मारताना पाहिलं, तेव्हा मला तेच खोटं वाटलं होतं. अशा गोष्टी कुठल्याच समीक्षेत येत नाहीत. पाहणाऱ्यांवर मी लेख लिहिते आहे, त्यासाठी तुमच्याकडच्या लिहा. सिनेमा कसा होता ते नको, पाहिलात कसा ते हवं.

माण तालुका, सातारा

आमच्याकडं सिनेमा म्हंजे पुसेगावची यात्रा. सेवागिरी महाराजांचं दर्शन झालं की आई आम्हाला घिऊन थेट तंबूत. मधी दोर, एकीकडं बाया, एकीकडं बापे. खाली अंथरायला पोतं घरनंच न्यायचं. 'माहेरची साडी' तिथंच बघितला. अलका कुबलचा छळ सुरू झाला तशी आमच्या पुढची एक म्हातारी उठून उभी राहिली आन् पडद्यावरच्या सासूला म्हणाली, "अगं भवाने, तुला बी लेक आसंल की!" कुणी हसलं न्हाई. उलट चार जणींनी तिच्या सुरात सूर मिळवला. माझी आई घरात कधी मोठ्यानं रडली न्हाई, तंबूत मात्र मनसोक्त रडली. रडायला तिला तेवढी एकच जागा होती, असं मला आता वाटतं.

सोलापूर

वडील थिएटरात ऑपरेटर होते. लोकांना पडदा दिसायचा, मला त्यांची पाठ. जुन्या मशीनमध्ये दिवा नसायचा. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यात ठिणगी पेटवायची, तोच उजेड. कांड्या जळून आखूड होत जातात, म्हणून मधलं अंतर सतत सारखं करावं लागतं. जरा दुर्लक्ष झालं की पडद्यावर काळोखी आणि खाली शिट्ट्या. फिल्म तुटली तर टोकं ब्लेडने खरवडायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. वडिलांच्या बोटांना तो वास कायमचा होता.

कधी दोन थिएटरांत मिळून एकच प्रिंट असायची. इथे संपलेलं रीळ सायकलवर घालून तिकडे पळवायचं. पोरगा रेल्वे फाटकावर अडकला की तिकडे मध्यंतर लांबायचं. प्रेक्षक नटाला डोक्यावर घेतात, पण शो त्या सायकलवाल्याच्या जिवावर चालायचा.

अकोला

१९७५ साल. 'जय संतोषी माँ' बघायला आजी उपाशी गेली, शुक्रवार होता. दारात चपलांचा ढीग. आरतीला सगळं थिएटर उभं, आणि पुढच्या रांगांतून पडद्यावर नाणी. आजीने येताना गूळ-चणे वाटले. तिच्या लेखी ती देवळातच जाऊन आली होती.

धुळे जिल्हा

सगळे तंबूच्या आठवणी लिहीत आहेत. आम्हा मुलींना तंबूत सोडतच नव्हते. भाऊ जायचे, आम्ही घराच्या धाब्यावर, म्हणजे वरच्या सपाट छतावर, अंथरूण टाकून ऐकायचो. रात्री कर्ण्याचा आवाज लांबवर येतो. गाणी, मारामारी, खलनायकाचं हसणं, सगळं. संवाद पाठ व्हायचे. कोण कसा दिसतो, बंगल्याचा जिना कुठे, हे आम्ही बहिणी आपापसांत ठरवायचो आणि त्यावरून भांडायचो. पुढे टीव्हीवर तेच सिनेमे बघताना फार हिरमोड झाला. आमचा बंगला कितीतरी मोठा होता. पण भाऊ जे हक्काने बघून यायचे ते आम्हाला चोरून ऐकावं लागलं, याचा राग अजून आहे. तोही लिहा.

*तो राग माझ्या लेखात पहिल्या परिच्छेदात येईल. ज्यांना जाऊ दिलं नाही त्या सगळ्यांनी जरूर लिहा.*

खानापूर तालुका, सांगली

माझ्या चुलत्यांची टुरिंग टॉकीज, म्हणजे गावोगाव फिरणारं तंबूतलं थिएटर होतं. मशीन ट्रकातच बसवलेलं, मागून झोत थेट तंबूत. दिवाळी झाली की निघायचे, पावसाळ्याआधी परत. सकाळी जीपवर भोंगा लावून गावोगाव ओरडायचं, रात्री शो. वारं सुटलं की सिनेमा सोडून सगळे गडी खुंट्या धरायला. रिळं बंद होऊन डिजिटल आलं तेव्हा चुलत्यांनी मशीन किलोवर विकलं. याच धंद्यावरच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाची २०१६ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात विशेष दखल घेतली गेली, ते ऐकून ते दिवसभर खूश होते.

आता ऐंशीच्या पुढे आहेत. कोणत्या जत्रेत काय चाललं, कुठे तंबू उडाला, कुठे पब्लिकने पैसे परत मागितले, सगळं तोंडपाठ. कुणी लिहून घेणार असेल तर या, मी त्यांना बसवून देतो.