खलपात्राचं दुःख दाखवायचं, पण त्याला दोषातून सोडवायचं नाही. कसं?

अर्धविराम:
साधारण १२,००० शब्दांची दीर्घकथा आहे. लालबागमधली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) चाळ, ६० भाडेकरू, पुनर्विकासाचा घोळ, साल २०१९. सेक्रेटरी नाना एका एकट्या म्हातारीच्या संमतीपत्रावर खोटी सही ठोकतो. पहिल्या खर्ड्यात तो नुसता लोभी होता, वाचणाऱ्यांना पुठ्ठ्याचा वाटला. दुसऱ्यात त्याला आजारी मुलगी आणि गिरणी संपात नोकरी गेलेला बाप दिला, तर आता म्हणे रडगाणं झालं. काय ठेवू, काय काढू?

शाईचा डाग:
मुलीचा आजार आधी काढा. ते कारण लाचेला चालतं, दरोड्याला चालतं, खुनालाही चालतं. म्हणून याच गुन्ह्याचं वाटत नाही.

खरं कारण तुमच्या आकड्यातच पडलंय. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली, म्हणजे अशा जुन्या चाळींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते. साठाचे ५१ टक्के म्हणजे ३०.६, म्हणून ३१ सह्या. नानाकडे ३० असू द्या, त्याही दारोदार फिरून मिळवलेल्या. ३० जणांनी होकार देऊनही एका सहीसाठी सगळी चाळ अडली, हे वाचकाला लगेच कळतं. नव्या इमारतीत किमान ३०० चौरस फूट मिळतात, पण नानाच्या तोंडी चौरस फूट घालू नका. त्याला घरातला संडास हवाय. गरोदर सुनेला रात्री दोनला बॅटरी घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जावं लागतं, एवढं पुरे.

खोट्या सहीआधी त्याचे दोन सरळ प्रयत्न फसू द्या. आणि म्हातारीचा नकार हट्ट म्हणून लिहू नका. संक्रमण शिबिरात, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, गेलेली माणसं वर्षानुवर्षं परतत नाहीत हे तिला माहीत आहे, आणि ते खरंच आहे. तिची बाजू कच्ची ठेवलीत की नाना फुकटात सुटतो.

उंबरठा:
मुलीबद्दल सहमत, बापाबद्दल नाही. बाप ठेवा, फक्त वयाचा हिशोब करा. संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. नाना २०१९मध्ये पंचेचाळीसचा असेल तर तेव्हा आठेक वर्षांचा होता. त्या वयात संप कळत नाही, वाण्याने उधारी बंद केली ते कळतं. म्हणून इतिहास सांगू नका, त्यातून उरलेली सवय दाखवा: नानाचा तोंडी शब्दावर विश्वास नाही, दूधवाल्याचा हिशोबही तो कागदावर घेतो. असा माणूस खोटा कागद करतो तेव्हा वेगळं बोलावं लागत नाही.

जागाही महत्त्वाची. ही सवय गुन्ह्याच्या किमान दोन प्रसंग आधी, चारपाच ओळींत उरका. लगेच आधी आली तर वकिली वाटते, लगेच नंतर आली तर सारवासारव. आणि कृपा करून कर्णाची उपमा नको, मराठी खलनायकांवर तिचा फार मारा झालाय.

चिमटा:
माफी अडवायची तर गरजेच्या पलीकडचं थोडंसं त्याला घेऊ द्या. बिल्डर सेक्रेटरीला पार्किंग देऊ करतो. नानाकडे गाडी नाही, तरी तो नाही म्हणत नाही. शिवाय त्याच्याहून वाईट खोलीत राहणारा एक शेजारी हवा, जो साक्षीदार म्हणून सही करायला नकार देतो. भाषण न देता.

खोटी सही मात्र बदला. सही घरी बसून गिरवता येते, अंगठ्यासाठी म्हातारीच्या शेजारी बसावं लागतं. ‘श्रावणबाळ योजनेचा (निराधार वृद्धांच्या सरकारी पेन्शनचा) फॉर्म आहे’ म्हणून तो तिचा अंगठा घेतो आणि नंतर तिचं बोट स्वतःच्या रुमालाने पुसतो.

अर्धविराम:
३१चा आकडा माझ्याच कथेत होता आणि मला दिसला नाही! पण अंगठ्याने तो फारच नीच नाही का होत?

चिमटा:
होऊ द्या. दुसऱ्या दिवशी तो श्रावणबाळचा खरा फॉर्मही भरतो, रांगेत उभा राहून. तो फॉर्म मंजूर होतो की नाही ते मात्र लिहू नका.