शब्दचर्चा : ‘रान पेटलं’ म्हणजे नेमकं काय पेटलं?

संभाजीनगरहून
सगळ्यांना नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्यात संशोधन करते. हवेचं प्रदूषण आणि वणव्यांचा धूर यांचा फुप्फुसांवर काय परिणाम होतो, हा माझा विषय. त्यावरचं बरंचसं काम कॅलिफोर्निया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथलं आहे. आपल्याकडच्या गावांत विचारायची प्रश्नावली तयार करताना ‘वाइल्डफायर स्मोक’ या शब्दावर गाडी अडली आहे. एका मसुद्यात ‘दावाग्निजन्य धूम्र’ होतं, ते कुणालाच कळणार नाही. दुसऱ्यात ‘रानातल्या आगीचा धूर’ होतं. ते पैठणकडच्या एका गावात वाचून दाखवलं, तर लोक म्हणाले, “हो, दरसालच राहतो की.” नीट विचारल्यावर उलगडलं, की ते ऊस तुटून गेल्यावर पेटवलेल्या पाचटाबद्दल बोलत होते. आपल्याकडे ‘रान’ म्हणजे आधी शेत. ‘मालक रानात गेलेत’ म्हटलं तर कुणी जंगल शोधत नाही. मग जंगलातल्या आगीला तुमच्या भागात काय म्हणतात?

कन्नडहून
ताई, गौताळा अभयारण्याच्या बाजूला ‘डोंगर पेटला’ म्हणतात. ‘वणवा’ शब्द सगळ्यांना कळतो, पेपरातही तोच येतो, पण गच्चीवरून लाल रेघ सरकताना दिसली की तोंडातून ‘डोंगर पेटला’च निघतं. आणखी एक शब्द तुमच्या कामाचा आहे, ‘जाळरेषा’. उन्हाळा लागायच्या आधी वनखात्याची माणसं गवताचा पट्टा मुद्दाम जाळून मोकळा करतात, म्हणजे पुढे आग लागली तरी ती तिथे थांबते. त्याचाही धूर होतो. तो तुम्ही कशात धरणार?

किनवटहून
आमच्याकडे जंगल खरोखरचं आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि कधी कधी तीच आग पुढे पसरते. तोपर्यंत तिला ‘पाला जाळला’ म्हणतात, हाताबाहेर गेली की ‘वणवा’. म्हणजे आग कोणी लावली याला इथे महत्त्व नाही, ती आवरता येते की नाही यावर शब्द बदलतो.

लातूरहून
‘वणवा’च ठेवावा असं माझं ठाम मत आहे. तो जिवंत शब्द आहे. बातमी वणव्यासारखी पसरते, चैत्रात उन्हाचा वणवा पेटतो. संस्कृतात ‘दव’ आणि ‘दाव’ हे दोन्ही शब्द रानातल्या आगीसाठी आहेत, ‘दावानल’ त्यातूनच आला. मराठीतलं ‘दव’ मात्र पहाटेचं, गवतावरचं. त्यामुळे संस्कृतकडे वळून इथे काही हाती लागणार नाही.

‘धुरकं’ हा शब्द मात्र जपून वापरा. धूर आणि धुकं मिळून झालेला तो चांगला शब्द आहे, पण त्याला ओलावा लागतो. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस बसलं होतं ते धुरकं. एप्रिलमधल्या कोरड्याठाक हवेत डोंगराचा धूर गावावर उतरला, तर त्याला धुरकं म्हणू नये.

जाता जाता एक आठवलं. न्यायदर्शनातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, अनुमानाचं ठरलेलं उदाहरण ‘पर्वतो वह्निमान् धूमात्’ असं आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. कन्नडच्या मित्रांचा ‘डोंगर पेटला’ वाचून ते डोळ्यांपुढे आलं.

संभाजीनगरहून
सर, हे उदाहरण तुम्ही अगदी वेळेवर काढलंत. आमच्या विषयात नेमकी तिथेच अडचण येते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं, माणसं पुन्हा मास्क लावून फिरू लागली. आग होती कॅनडात, शेकडो किलोमीटर दूर. म्हणजे धूर आहे तिथे आग असेलच असं नाही. माणसाला आग दिसत नाही, कधी वासही येत नाही, तरी बारीक कण छातीत उतरतात. म्हणून ‘आग पाहिली का’ आणि ‘धुराचा त्रास झाला का’ हे दोन वेगळे प्रश्न करावे लागतील. मसुद्यात ते एकाच वाक्यात कोंबलेले आहेत.

कन्नडहून जाळरेषेचं विचारलंत, ते महत्त्वाचं आहे. फुप्फुसाला आग मुद्दाम लावली की आपोआप लागली याने काही फरक पडत नाही. पण सरकारने काय करावं हे ठरवताना पडतो. त्यामुळे तिची नोंद वेगळी ठेवते.

धुराच्या प्रकारांत एवढं का शिरायचं, असं कुणाला वाटेल म्हणून सांगते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे. दक्षिण कॅलिफोर्नियातला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. हवेत हे कण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले, तर श्वसनाच्या आजारांनी दवाखान्यात दाखल होणारे किती वाढतात, हे त्यात पाहिलं होतं. कण वणव्याचे असतील तर १.३ ते १० टक्के, इतर कुठले असतील तर ०.६७ ते १.३ टक्के. वजन तेवढंच, पण कण कशातून आले त्यावर त्रास बदलतो. आपल्याकडे पाचट, पऱ्हाट्या, तुराट्या, पाला, गवत हे सगळं ‘धूर’ या एका रकान्यात टाकलं, तर हाती काहीच लागणार नाही.

परभणीहून
ताई, मी शेती करते. तुमच्या यादीत एक शब्द राहिला, ‘धुपणं’. ओलं सरपण घातलं की चूल पेटत नाही, नुसती धुपते. आमच्या सासूबाई ओरडायच्या, “चूल धुपायलीय गं, फुंकणी घे!” जाळ झाला की डोळ्यांना तेवढा त्रास नसतो, धुपायला लागली की ठसका लागून जीव नकोसा होतो. पाचटाचंही तसंच आहे. वाळलेलं असलं तर भडकून घटकाभरात राख होतं, दव पडलेलं असलं तर रात्रभर धुपत राहतं आणि सकाळी सगळ्या शिवारात धूर पसरलेला असतो.

आणि धूर वाईटच असतो असं धरून विचारू नका. हिवाळ्यात कडाका पडला की पीक वाचवायला पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून आम्ही मुद्दाम धूर करतो. बाळंतिणीला धुरी देतात, गोठ्यात डासांसाठी धूर करतात. सोन्याचा धूर निघतो असं आपण भरभराटीलाच म्हणतो. ‘धुराचा त्रास होतो का’ म्हटलं तर हा सगळा धूर बाया मोजणारच नाहीत.

लातूरहून
‘धुपणं’ अचूक शब्द आहे, पण कागदावर एकटा ठेवू नका. ‘जमीन धुपते’ म्हटलं की बांधबंदिस्तीचा विषय निघेल. ‘चूल किंवा पाचट धुपतं तेव्हा’ असं पूर्ण लिहा.

संभाजीनगरहून
परभणीच्या ताई, तुमच्या सासूबाई जे सांगत होत्या त्यामागे पक्कं कारण आहे. धुपणाऱ्या आगीत जळण अर्धवट जळतं, त्यामुळे किलोमागे बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही जास्त निघतात. इंग्रजी प्रश्नावलीत हा फरक नव्हता. आता ‘जाळ होता की धुपत होतं?’ असा प्रश्न घालते.

‘वायुप्रदूषण’ हा शब्द मी पहिल्या पानावरून काढला आहे. एका घरी बाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या, पदराने सारखे डोळे पुसत होत्या. गावात वायुप्रदूषण आहे का, असं विचारलं तर म्हणाल्या, “नाही बाई, इथं कुठं कारखाना हाय!” जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. आपल्या भाषेत मात्र प्रदूषण म्हणजे जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्या, शहरातली वाहनं. त्या बाईंचं उत्तर त्यांच्या परीने बरोबरच होतं. प्रश्नच असा हवा की त्यांची चूल त्यात येईल. आता असं लिहिलं आहे : ‘गेल्या महिन्यात कशाकशाच्या धुराने डोळे चुरचुरले, ठसका लागला किंवा धाप लागली? चूल, पाचट, बांधावरचं गवत, डोंगराचा वणवा, कचरा, आणखी काही.’

बीडहून
एक सांगू का? ‘घरातली चूल’ असे शब्द कुठे असतील तर बदला. आमच्याकडची माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, ती पार उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. फडाजवळ पाचटाच्या कोप्यांत राहायचं, दारातच चूल. घरचं विचारलं तर ती गावाकडच्या घराचं सांगणार, गॅस आहे म्हणणार, आणि ते खरंही असतं. कोपीतल्या चुलीचं आणि शेजारच्या फडात पेटवलेल्या पाचटाचं वेगळं विचारा.

संभाजीनगरहून
दादा, बदलते. ‘तोडीला जाता तेव्हा कोपीत स्वयंपाक कशावर?’ हा प्रश्न वेगळा घालते. तुमच्याकडे कोपीलाच आणखी काही नाव असेल तर तेही कळवा.