स्नायुक्षय, दुष्पोषण की डिस्ट्रॉफीच?

शब्दकामाठी: ७ सप्टेंबरच्या जागतिक ड्युशेन दिनासाठी अंगणवाडी सेविकांकरिता पत्रक करायचंय. (ड्युशेन म्हणजे मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा, म्हणजे स्नायू कमजोर होत जाण्याच्या जनुकीय आजाराचा, मुलग्यांत दिसणारा प्रकार. त्याच्या जनुकाचे एक्सॉन, म्हणजे तुकडे, ७९, म्हणून ७/९.) 'मस्क्युलर डिस्ट्रॉफी'ला 'स्नायुक्षय' लिहिलं, त्यावर लाल रेघ आली: "क्षय म्हणजे टीबी." काय लिहू?

रेघोटी: रेघ योग्यच. संसर्गाची शंका आली की वर्गात त्या पोराशेजारी कुणी बसणार नाही. ग्रीक 'डिस्' म्हणजे वाईट, आपल्या 'दुस्'चाच भाऊबंद. 'ट्रॉफे' म्हणजे पोषण. सरळ 'स्नायुदुष्पोषण' म्हणा.

टाचणी: अंगणवाडीत 'पोषण' शब्द गेला की लाडू वाढतात! इथे डिस्ट्रोफिन हे स्नायूंतलं प्रथिन जवळजवळ नसतंच. ते ताटातून मिळत नाही, स्नायूतच बनावं लागतं. वजन वाढलं की उठणं उलट जड.

पाचामुखी: चषकाची ट्रॉफीही त्यातलीच का?

रेघोटी: नाही. ती 'ट्रोपे'वरून, म्हणजे वळणं. शत्रूनं जिथे पाठ फिरवली तिथे उभारलेलं विजयचिन्ह.

जुनाट कोश: मूळ घोळ 'स्नायू'चा. सुश्रुतात ९०० स्नायू आहेत, पण ते बांधणारे दोर. मांसाच्या त्या पेशी, ५००. मराठीत पेशी म्हणजे सेल झाली, हिंदीत मांसच राहिली. हिंदी पत्रकातून 'पेशी कमजोर' उचललंत तर लोक प्लेटलेट मोजून येतील.

टाचणी: सुश्रुतापर्यंत पोचलात, पत्रक राहिलं. खुणा नीट लिहा. तीन-चार वर्षांचा मुलगा सारखा पडतो, चवड्यांवर चालतो, कठडा धरल्याशिवाय जिना चढत नाही. जमिनीवरून उठताना आधी ओणवा होतो, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या भरदार दिसतात, म्हणून 'बाळसेदार' म्हणून कौतुक होतं. पुढे पुढे ती चरबी नि तंतूच असतात, ताकद नव्हे. पहिली तपासणी रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायू खराब झाले की रक्तात उतरणारं विकर. ते हजारांत येतं. यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटीही वाढतं, कारण ते खराब होणाऱ्या स्नायूंतूनही झिरपतं. तेवढंच बघून यकृताच्या मागे लागलं की महिने वाया. सीपीके वाढलेलं असेल तर जनुकतपासणी: आधी एमएलपीए (जनुकाचे तुकडे गळलेत की जादा झालेत ते बघणारी), त्यात काही नाही सापडलं तर सीक्वेन्सिंग (जनुक अक्षर न् अक्षर वाचणारी).

पाचामुखी: बाळसं तान्ह्याला. चार वर्षांचा 'गुटगुटीत'.

शब्दकामाठी: बरं. चौथी ओळ अशी आहे: "आई या रोगाच्या जनुकदोषाची वाहक असते."

जुनाट कोश: वाहक एसटीत असतो. स्त्रीलिंगी 'वाहिका' केलंत तर रक्तवाहिका.

टाचणी: लिंग नंतर बघा, 'असते' हेच चूक. 'असू शकते' हवं. साधारण १/३ मुलांत बदल नव्यानंच झालेला असतो, आईत नसतोच. आणि 'दोष' काढा, 'बदल' लिहा. सुनेला ऐकवायला तेवढा शब्द पुरतो.

रेघोटी: 'बदल' फार गुळमुळीत. दोषाला दोषच म्हणावं.

टाचणी: कोशात म्हणा. पत्रक घरात जातं.

रेघोटी: आणि दुसऱ्या ओळीत 'अनुवंशिक' झालंय. 'आनुवंशिक' करा.

शब्दकामाठी: केलं. दोष काढला. मथळ्यात तूर्त नुसतं 'ड्युशेन' ठेवतो.

जुनाट कोश: ज्यांचं नाव रोगाला दिलं ते डॉक्टर फ्रेंच होते. 'द्युशेन'.